कासवांची वई आणि पाण्याचा निचरा



देवळात गेल्यावर आपण आधी घंटा वाजवतो. मग पायाखाली पाहतो. गाभाऱ्यासमोर फरशीत दगडाचे कासव बसवलेले असते. त्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून आपण पुढे जातो. असा कासवाचा मान आपल्याकडे जुना आहे. पण जिवंत कासवाला काय हवे, काय नको, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून आजचे बोलणे कासवाविषयी आहे. त्यातही एकाच गोष्टीविषयी आहे. ती गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा.

तुम्ही म्हणाल, कासव तर पाण्यातले जनावर. त्याला पाण्याची कसली भीती? तेच आज पाहायचे आहे.

कासवे तीन तऱ्हेची असतात. काही जमिनीवर राहतात. काही नदी, तळे, विहीर यांत राहतात. काही समुद्रात राहतात. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. त्याला समुद्रात सोडले, तर ते बुडून मरते. पुण्य लागेल म्हणून कुणी असे कासव समुद्रात सोडत असेल, तर त्याला थांबवा. त्यात पुण्य नाही, हत्या आहे.

काही लोक घरात, परसात कासव पाळतात. कासव ठेवले की पैसा येतो, अशी समजूत आहे. पाठीवर चांदण्या असलेले कासव त्यासाठी चोरून विकले जाते. ते कासव कोरड्या मुलखातले. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परसातल्या ओल्या चिखलात ते कासव गारठते, आजारी पडते आणि मरते. शिवाय आपल्या देशातली अशी रानटी कासवे घरात ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याने ती पकडायला, पाळायला, विकायला बंदी आहे. कुणाच्या घरी असे कासव असेल, तर ते वनखात्याच्या हवाली करावे. तेव्हा घरात कासवासाठी कुंपण कसे घालावे, हे मी सांगणार नाही.

पण कासवांसाठी एक कुंपण आपल्या किनाऱ्यावर दर वर्षी घातले जाते. ते कायद्याला धरून असते. त्यात मोठे कासव नसते, अंडी असतात. समुद्राच्या कासवाची अंडी. त्या कुंपणाला हॅचरी म्हणतात. आपण त्याला कासवांची वई म्हणू. या वईत पाणी साचले, तर एका रात्रीत हजारो पिल्ले जन्माआधीच मरतात. म्हणून हे बोलणे.

पाहुणी कोण?

आपल्या किनाऱ्यावर जे समुद्री कासव अंडी घालायला येते, त्याचे नाव ऑलिव्ह रिडले. पाठ दोन-सव्वादोन फूट लांब. वजन पस्तीस ते पन्नास किलो. रंग हिरवट-करडा. देवगड तालुक्यात तांबळडेग, मालवण तालुक्यात तोंडवळी-तळाशील, वेंगुर्ले तालुक्यात वायंगणी, शिरोडा, अशा कितीतरी पुळणींवर ती येते.

पावसाळा सरला, थंडी सुरू झाली, की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री पुळणीवर चढते. मागच्या पायांनी वाळूत दीड फूट खोल खड्डा खणते. खड्ड्याचे तोंड अरुंद, पोट रुंद. आपल्या मातीच्या घागरीसारखा त्याचा घाट असतो. त्यात ती शंभर-सव्वाशे अंडी घालते. खड्डा वाळूने बुजवते. अंगाने वाळू थापते. मग समुद्रात निघून जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे हे तिचे काम नाही. ते काम वाळूचे.

साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि समुद्राकडे धावतात. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते, असे जाणकार मानतात. वाटेत कावळे, खेकडे, घारी. पाण्यात मोठे मासे. म्हणून एकेक खड्डा मोलाचा.

वई का घालतात?

पूर्वी किनाऱ्यावरचे लोक ही अंडी उकरून खात, विकत. कुत्री आणि कोल्हे उरलेली अंडी फस्त करत. पिल्लू समुद्रापर्यंत पोचणे अवघड झाले होते.

२००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी एक काम सुरू झाले. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचे गाव, मंडणगड तालुक्यातले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ते काम हाती घेतले. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी गावकऱ्यांशी बोलले. अंडी विकणाऱ्यांनाच अंडी राखायला सांगितले. पहाटे किनाऱ्यावर फिरायचे. कासवाच्या पावलांचा माग काढायचा. अंडी अलगद काढून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवायची. पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची. पुढे हे काम वनखात्याच्या मदतीने कोकणच्या साऱ्या किनाऱ्यावर पसरले. गावोगाव कासवमित्र तयार झाले. आपल्या जिल्ह्यातही झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही अंडी वाटेल त्याने हलवायची नाहीत. वनखात्याला कळवायचे. ज्यांना शिकवले आहे आणि परवानगी आहे, त्यांनीच हात लावायचा. पण वई कुठे घालावी, पाणी कुठून येते, कुठे जाते, हे गावाला जेवढे कळते तेवढे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून हे ज्ञान गावात सगळ्यांना हवे.

अंडे श्वास घेते

आता मुद्द्याचे ऐका.

पेरणीआधी आपण भाताला मोड आणतो. भात रात्रभर भिजत घालतो. सकाळी पाणी काढून टाकतो. मग ते दडपून ठेवतो. दोन दिवसांत मोड येतात. पण पाणी काढायला विसरलो तर? भात आंबते, वास मारते, मोड येत नाहीत. का? बियाला ओल हवी, तशी हवाही हवी. पाण्यात बुडलेल्या बियाला हवा मिळत नाही. ते गुदमरते.

कासवाच्या अंड्याचे अगदी असेच आहे. त्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. जाड कागदासारखे मऊ असते. त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवा आत जाते, ओल आत जाते, आतली खराब हवा बाहेर येते. वाळूच्या कणाकणांमध्ये फटी असतात. त्या फटींतून ही हवा खेळते. फटींत पाणी भरले, की हवेचा रस्ता बंद. शंभर-सव्वाशे जीव एका खड्ड्यात, आणि हवा नाही. पहिले काही दिवस जीव बारीक असतो, त्याला हवा थोडी लागते. पिल्लू जसे मोठे होते, तशी त्याची हवेची गरज वाढते. म्हणून पिल्ले निघायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत पाणी साचले, तर सर्वांत मोठा घात होतो.

त्यात ते पाणी खारे असेल, तर आणखी वाईट. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते, हे बायांना ठाऊक आहे. मीठ पाणी ओढून घेते. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या अंड्यातली ओल तशीच ओढली जाते.

शिवाय सतत ओली राहिलेली वाळू बुरशी धरते. एका नासलेल्या अंड्याची बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते.

पाणी तीन वाटांनी येते

चोर कुठून येतो हे कळल्याशिवाय दार कुठे लावायचे ते कळत नाही. वईत पाणी तीन वाटांनी येते.

पहिली वाट समोरची. अमावास्येला आणि पुनवेला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी कमी चढते. भांगाच्या दिवशी जागा पाहिली आणि वई घातली, तर पुढच्या उधाणाला लाट थेट आत.

दुसरी वाट खालची. ही कुणाच्या लक्षात येत नाही. उधाणाला समुद्र चढतो, तसे वाळूच्या पोटातले पाणीही चढते. वर वाळू कोरडी ठणठणीत, पण दोन फुटांवर पाणी. अंडी तर दीड फुटावर!

तिसरी वाट मागची आणि वरची. अवकाळी पाऊस पडतो. मागच्या रस्त्याचे, माडाच्या बागांचे, घरांचे पाणी उतारावरून पुळणीवर येते. आपल्याकडे डोंगर जांभ्याचे. पाण्याबरोबर तांबडी माती येते. ही बारीक माती वाळूच्या फटींत बसते. फटी बुजतात. मग पाणी खाली जिरत नाही, वरच तळे होते.

या तिन्ही वाटा अडवायच्या. त्यासाठी सिमेंट नको, मोठा खर्च नको. जागा, फावडे आणि डोके एवढे पुरे.

जागा कशी निवडावी?

मोठ्या उधाणाची रेघ पुळणीवर दिसते. शेवाळ, काटक्या, शिंपल्या, नारळाची सोडणे जिथे ओळीने पडलेली असतात, ती ती रेघ. वई या रेघेच्या बरीच वर हवी. आपल्याकडचे जुने रापणकर समुद्र ओळखतात. त्यांना विचारावे. पाच-दहा वर्षांत पाणी कुठपर्यंत चढले, ते त्यांना पाठ असते. असा एखादा म्हातारा म्हणेल, ''अरे झिला, पाणी खंय जातला ता आधी बघ, मगे खड्डो खण.'' या एका वाक्यात निम्मे शास्त्र आले.

खाडीच्या आणि व्हाळाच्या तोंडाशी वई घालू नये. तिथे पाणी वाट बदलते. पुळणीच्या मागे कधी कधी सखल भाग असतो, पावसाळ्यात तिथे डबके होते. तो भागही टाळावा. सुरूच्या बनात अगदी आत जाऊ नये. तिथे मुळांचे जाळे असते.

मग तीन परीक्षा घ्याव्या.

पहिली परीक्षा. उधाणाच्या दिवशी, ऐन भरतीला, त्या जागी अडीच फूट खोल खड्डा खणा. तळाशी पाणी झिरपले का पाहा. झिरपले, तर जागा बदला. अंड्यांच्या खाली निदान फूटभर तरी अशी वाळू हवी, की जिच्यात पाणी साचत नाही.

दुसरी परीक्षा. त्या खड्ड्यात एक घागर पाणी ओता. स्वच्छ वाळूत पाणी बघता बघता जिरते. पाणी तसेच थांबून राहिले, तर खाली माती आहे असे समजा.

तिसरी परीक्षा. दीड फुटावरची ओलसर वाळू मुठीत घ्या. दाबा. मूठ उघडा. वाळूचा लाडू जरासा धरतो आणि बोटाने टोचताच सुटतो, ती वाळू चांगली. घट्ट लाडू होतो आणि हाताला तांबडे लागते, ती वाळू मातीची. लाडू धरतच नाही, भुरभुर सांडते, ती वाळू फार कोरडी.

वई कशी घालावी?

जागेला समुद्राकडे हलका उतार असावा. ताटासारखी सपाट जागा नको. वाटीसारखी खोलगट तर मुळीच नको. खोलगट असेल, तर किनाऱ्यावरचीच स्वच्छ वाळू घालून मधला भाग उंच करावा. ही भर हंगामाच्या आधी घालावी, म्हणजे वाळू नीट बसते.

कुंपण बांबूचे आणि जाळीचे असावे. तळाला चिरे लावू नयेत. चिऱ्यांची भिंत कुत्र्याला अडवते हे खरे, पण आतले पाणीही अडवते. कुत्री खालून उकरतात, म्हणून जाळीच फूटभर वाळूत पुरावी. जाळीतून पाणी जाते, कुत्रे जात नाही.

वईच्या मागच्या बाजूला, म्हणजे जमिनीकडे, एक चर खणावा. हात-दीड हात रुंद, हात-सव्वा हात खोल. मळ्यात आपण पाट काढतो, तसा. त्याची दोन्ही तोंडे वईला वळसा घालून बाजूने, लांब उतारावर न्यावी. मागून आलेले पाणी या चरात पडेल आणि वईला न शिवता निघून जाईल. चर आणि पहिला खड्डा यांच्यात चार-पाच हात अंतर ठेवावे. नाहीतर चरातले पाणीच झिरपून अंड्यांकडे यायचे. पिल्ले समुद्राकडे जाण्याच्या वाटेवर मात्र चर नको. पिल्लू चरात पडले, तर त्याला वर चढता येत नाही.

समोरच्या बाजूला वाळू भरलेल्या गोणी लावून ठेवाव्या. उधाणाच्या दिवसांत त्या रचाव्या. उधाण उतरले, की बाजूला कराव्या.

गेल्या वर्षी जिथे खड्डे होते, तिथेच यंदा नको. जुन्या वाळूत फुटकी कवचे, बुरशी, किडे असतात. वई दर वर्षी थोडी सरकवावी. ते जमत नसेल, तर दोन-अडीच फुटांपर्यंतची वाळू काढून नवी घालावी. मर्यादवेलीची मुळे, काटक्या, प्लॅस्टिक वेचून टाकावे. मुळे अंड्यांत शिरतात आणि काटक्या कुजतात. मात्र वईबाहेरची मर्यादवेल उपटू नये. ती वाळू धरून ठेवते.

खड्ड्यांत दोन-तीन फूट अंतर असावे. मध्ये माणसाला चालायला वाट असावी. खड्ड्यावर पाय पडला, की वाळू दबते. दबलेल्या वाळूत हवा कमी आणि पाणी जास्त.

अंडी हलवताना

कोंबडी खुडूक बसली, की चोचीने अंडी फिरवते. ते बघून कासवाची अंडी फिरवू नका. कासवाच्या अंड्यात काही तासांत आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले, की जीव मरतो. म्हणून अंडी तासा-दोन तासांत, फार तर पाच-सहा तासांत हलवावी. जशी होती तशीच ठेवावी. वरची बाजू वर, खालची खाली.

आईचा खड्डा उंचावर असेल, भरती लागत नसेल, कुत्री-माणसे यांचा धोका नसेल, तर अंडी हलवू नयेत. तिथेच जाळी लावून राखण करावी. आईने निवडलेली जागा बहुधा आपण निवडलेल्या जागेपेक्षा बरी असते. हलवायची ती धोक्यातली अंडी.

पाऊस आला तर?

अंडी वाळूत असतात नोव्हेंबर ते मे. हा पावसाचा काळ नव्हे, असे आपण मानत होतो. पण २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ अरबी समुद्रातून गेले. कोकणच्या किनाऱ्यावर लाटा चढल्या, अवेळी पाऊस झाला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले. मालवण-देवगडला घरे, माड, होड्या यांचे केवढे नुकसान झाले, ते तुम्हीच पाहिले आहे. तेव्हा तयारी आधी हवी.

वादळाची सूचना आली, की चर साफ करावा. गोणी रचाव्या. खड्ड्यांवर वाळूचा हलका उंचवटा करावा, म्हणजे पाणी दोन्हीकडे ओघळते.

खड्ड्यांवर प्लॅस्टिक अंथरून ठेवू नये. पाऊस थांबतो, पण हवाही थांबते. ऊन पडले की खाली भट्टी होते. फार जोराचा पाऊस असेल, तर वर चार खांबांवर तिरके छप्पर करावे. कापड किंवा माडाची झावळे चालतील. पाणी वईबाहेर पडेल असा उतार द्यावा. पाऊस गेला, की छप्पर काढावे.

पाणी शिरलेच, तर घाबरून अंडी उकरू नयेत. अंडी जुनी असतील, तर उकरण्यानेच मरतील. त्याऐवजी वईच्या खालच्या अंगाला, खड्ड्यांपासून चार-पाच हात दूर, तीन फूट खोल खड्डा खणावा. वाळूतले पाणी त्यात उतरते. ते बादलीने उपसून दूर टाकावे. पुन्हा भरले, पुन्हा उपसावे. आणि वनखात्याला लगेच कळवावे. थोडा वेळ पाण्यात राहिलेली अंडी पुष्कळदा वाचतात. रात्रभर राहिलेली वाचणे कठीण.

पाऊस गेल्यावर ऊन पडते आणि वाळूवर कडक पापुद्रा धरतो. पिल्ले खालून वर येतात आणि या पापुद्र्याखाली अडकतात. म्हणून वरची दोन-तीन बोटे वाळू हाताने हलकेच सैल करावी. फावडे लावू नये.

कोरडेही नको

निचरा म्हणजे कोरडेपणा नव्हे. अगदी कोरड्या वाळूत अंडे सुकते, त्याला खळगे पडतात. खड्ड्यातली वाळू हाताला गार आणि ओलसर लागावी, पण हात भिजू नये. चांगला निचरा तो, जो जादा पाणी जाऊ देतो आणि ओल ठेवतो.

आणखी एक नवल ऐका. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते. वाळू २९ ते ३० अंशांच्या आसपास असेल, तर दोन्ही होतात. त्याहून गरम वाळूत माद्या जास्त, गार वाळूत नर जास्त. म्हणून कुणी उगाच रोज पाणी शिंपडू नये आणि सगळे ऊनही घालवू नये. उन्हाळा कडक झाला, तर जाणत्याच्या सल्ल्याने विरळ सावली करावी.

नोंद लिहा

तुम्ही आता लिहा-वाचायला शिकला आहात. या कामात अक्षराचा मोठा उपयोग आहे. प्रत्येक खड्ड्यावर लाकडाची पाटी लावतात. तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात. ती तारीख वाचता आली, की पिल्ले कधी निघतील याचा हिशेब करता येतो.

तशीच एक वही करावी. उधाणाला पाणी कुठवर आले? पाऊस कोणत्या दिवशी झाला? वईत पाणी कोणत्या कोपऱ्यात थांबले? किती वेळाने जिरले? किती अंड्यांतून किती पिल्ले निघाली? तीन-चार वर्षांची वही समोर ठेवली, की कोणता कोपरा वाईट आहे ते आपोआप कळते. म्हाताऱ्याच्या डोक्यातले ज्ञान म्हाताऱ्याबरोबर जाते. वहीतले ज्ञान गावात राहते.

गावाचेही काम आहे

आता थोडे कडू बोलतो. वईपुरता चर आपण खणू. पण गावाची गटारेच पुळणीवर सोडली, तर तो चर किती पुरणार? किनाऱ्यावर घरे वाढली. पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. न्हाणीचे पाणी, स्वयंपाकघराचे पाणी नळीने थेट वाळूत सोडलेले दिसते. त्या पाण्यात साबण असतो, तेल असते. त्याने वाळू काळी पडते आणि वास येतो. तिथे कासवही चढत नाही आणि आपली मुलेही खेळत नाहीत.

हे पाणी परसात शोषखड्डा करून जिरवता येते. खाली मोठे जांभे, वर बारीक खडी, वर वाळू. केळी आणि माड त्यावर वाढतात. ग्रामसभेत हा विषय काढा. सांडपाणी पुळणीवर सोडायचे नाही, एवढा एक ठराव गावाने केला आणि पाळला, तर तेच मोठे काम होईल.

कुणी विचारील, एका कासवासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याला दोन गोष्टी सांगा.

पहिली गोष्ट पोटाची. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लांबून माणसे येतात. वेळासला कासव महोत्सव होतो. घरोघरी पाहुणे राहतात, जेवतात. आपल्या वायंगणीलाही कासव जत्रा भरली आहे. पिल्ले निघाली, तरच पाहुणे येतील.

दुसरी गोष्ट नात्याची. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारे यंत्र बसवले. तिचे नाव प्रथमा ठेवले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असे पहिल्यांदाच झाले. आणि २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर जिला पट्टा लावला होता, अशी एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेचा समुद्र सोडून, सारा देश वळसा घालून ती इथे आली. एवढ्या लांबून आलेल्या लेकुरवाळीला ओटीभर कोरडी वाळू देणे आपल्याला जड आहे का?

शेवटी थोडक्यात सांगतो. लक्षात ठेवा.

वई उधाणाच्या रेघेच्या वर घाला.
अडीच फूट खणून खालचे पाणी पाहा.
वाळू स्वच्छ ठेवा, माती नको.
मागे चर काढा, पुढे गोणी ठेवा.
खड्ड्यावर प्लॅस्टिक घालू नका.
पाणी शिरले, तर उकरू नका. बाजूला खणून पाणी उपसा.
रोज वही लिहा.
आणि वनखात्याला विचारल्याशिवाय अंड्याला हात लावू नका.

येत्या अमावास्येला ऐन भरतीच्या वेळी आपल्या पुळणीवर जा. पाणी कुठवर चढते ते पाहा. तिथे एक काठी रोवा. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि काठीपासून माडापर्यंतची पावले मोजून लिहा. काम तिथूनच सुरू होते.